दुपारी दार कोण उघडतं?

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष महोदया, ज्यांना मी इतकी वर्षं मनातल्या मनात ‘कडक इस्त्री’ म्हणत आले आणि आज माइक हातात आहे म्हणून उघड म्हणते आहे. व्यासपीठावरचे कंपनीचे मोठे साहेब, जे आपण घड्याळाकडे बघत नाही असं मघापासून दाखवताहेत. समोर बसलेल्या विक्रेत्या भगिनी, त्यांचे यजमान, त्यांच्या मांडीवरची आणि खुर्च्यांखाली शिरलेली बालमंडळी. मागच्या रांगेत पाय पसरून बसलेली आमच्या बागेतल्या बाकावरची जुनी खोडं. आणि जिच्यासाठी हा सगळा थाट मांडला आहे ती माझी सून. सगळ्यांना माझा नमस्कार.

माइक जरा खाली करा. अजून थोडा. मी वयाने मोठी आहे, उंचीने नाही.

माझ्या हातात हा कागद दिसतो आहे. मी सांगत गेले आणि नातीने लिहून घेतलं. वाचता मला येत नाही. अक्षरं आणि मी एकमेकांना रस्त्यात बघतो, पण ओळख देत नाही. तरी कागद धरला आहे, कारण उभं राहून बोलताना हात कुठे ठेवायचे असतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. उलटा धरला असेल तर पुढून खूण करा.

मागे एवढा मोठा फलक लावला आहे. त्यावर ‘सत्कार’ असं लिहिलं आहे, असं नात म्हणते. असेल. त्या फलकाकडे मी शेवटी वळणार आहे.

आता मुद्दा. कंपनीने माझ्या सुनेला दुसऱ्या शहरात बोलावलं आहे, नव्या विक्रेत्यांना शिकवायला. मोठी जागा आहे, मानाची आहे. आज हा कार्यक्रम आटोपला की तिने अध्यक्ष महोदयांना उत्तर द्यायचं आहे. ते उत्तर ‘नाही’ असं आहे. मला कसं कळलं? आमच्या स्वयंपाकघराचं दार नीट लागत नाही, म्हणून कळलं. “आईंना एकटं टाकून मी जाणार नाही,” असं ती माझ्या मुलाला म्हणाली. एकटं! अहो, त्या दोन खोल्यांच्या घरात कधीतरी एकटं बसायला मिळेल ही आशा मी लग्न झालं तेव्हाच सोडली होती.

तर आधी पेटीची गोष्ट ऐका. भगिनींना हा धंदा माहीत आहे, पण पाहुण्यांसाठी सांगते. हे दुकान नव्हे. कुणाच्या तरी घरी बैठक भरते. घरची बाई शेजारणींना बोलावते, चहा देते, आणि आमच्या सुनेसारखी कुणीतरी पेटी उघडून मुलांची शिकायची खेळणी दाखवते. लाकडी ठोकळे, मण्यांची पाटी, चित्रांची पुस्तकं, लोहचुंबकाने पकडायचे मासे, जोड्या लावायचे पत्ते. ज्यांना आवडेल त्या तिथेच ऑर्डर लिहून देतात.

माझी सून बालवाडीत शिकवायची. ती बालवाडी बंद पडली. त्यानंतर बाई घरात नुसती भांडी आपटत फिरायची. आमची भांडी तशी मुळातच पोचे आलेली, म्हणून नुकसान दिसलं नाही. एक दिवस ही निळी पेटी घेऊन आली. काय तिचा चेहरा होता! लोकांना मूल झाल्यावर एवढा आनंद होत नाही. रात्री जेवताना म्हणाली, आई, पहिली बैठक आपल्याच घरात घ्यायची आहे, आणि कंपनीच्या बाई स्वतः बघायला येणार आहेत. बैठक पडली तर पेटी परत द्यायची. दुसरी संधी नाही.

माझा मुलगा वेल्डिंगचं काम करतो. ठिणग्यांना भीत नाही, पण कंपनीच्या बाई येणार म्हटल्यावर त्याने त्या दिवशी जादा पाळी मागून घेतली.

सुनेने चाळीस वेळा, म्हणजे मला चाळीस वाटल्या, कपाटाच्या आरशासमोर भाषण म्हणून पाहिलं. “आपल्या पाल्याच्या सर्वांगीण विकासासाठी.” आमच्या आरशाचा सर्वांगीण विकास झाला. मग तिने सुबक आमंत्रणपत्रिका केल्या, प्रत्येकीवर मुलाच्या आईचं नाव घातलं आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाली, तुमचे पाय बरे आहेत तर एवढ्या गल्लीत वाटून या.

आता मला सांगा, नाव वाचता न येणाऱ्या बाईने पत्रिका कशी वाटावी? मी साधा मार्ग धरला. बेल वाजवायची, आणि जो दार उघडेल त्याच्या हातावर पत्रिका ठेवायची. “आमच्याकडे कार्यक्रम आहे, चार वाजता नक्की यायचं.” यात चूक कुठे आहे?

पण दुपारी दार कोण उघडतं?

बरोबर. मागच्या रांगेतले दात नसलेले लोक हसले, त्यांना उत्तर माहीत आहे.

बैठकीच्या दिवशी खोली झाडून पुसून, खुर्च्या उसन्या आणून, सून दारात उभी. आणि जिना चढून येतात कोण? आमच्या शेजारची शिवणकामवाली, गळ्यात टेप तशीच. तिच्यामागे बसमधून निवृत्त झालेले कंडक्टरसाहेब, इस्त्रीचा शर्ट घालून, कारण त्यांना त्या वर्षात तेवढं एकच आमंत्रण आलं होतं. मग गुडघे धरत, कठडा धरत सगळा बाकच वर आला. आज्या आणि आजोबा. आई एकही नाही. आयांना पत्रिकेचा पत्ताच नव्हता, त्या आपापल्या कामावर होत्या. आणि नातवंडं? दुपारी ती कुठे ठेवणार? कुणाच्या कडेवर, कुणाच्या बोटाला, एक तर कंडक्टरसाहेबांच्या खांद्यावर. मुलं आणायची नाहीत हा कंपनीचा पहिला नियम होता. आणि हे सगळं कोपऱ्यातल्या खुर्चीतून कोण बघत होतं? आपल्या अध्यक्ष महोदया. त्या दिवशी त्यांच्या कपड्यांच्या घडीवर बोट ठेवलं असतं तर कापलं असतं.

सूनबाईने मला स्वयंपाकघरात ओढलं. दार लागत नाही, म्हणून हळू आवाजात.

“आई, हे कोण आहेत?”

“पाहुणे.”

“मी आयांना बोलावलं होतं.”

“या आयांच्याच आया आहेत,” मी म्हटलं. “अजून वरच्या दर्जाच्या.”

ती हसली नाही. म्हणाली, पेटी गेली माझी. एवढंच. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

बाहेर जाऊन तिने भाषण सुरू केलं. “आपल्या पाल्याच्या,” म्हणाली, आणि कंडक्टरसाहेबांनी हात वर केला. पाल्य म्हणजे हा खांद्यावरचाच ना, असं त्यांनी विचारलं. हा असेल तर याचा विकास जरा कमी करा, घरी याने रेडिओ उघडून ठेवला आहे. लोक हसले. सून पुढचं विसरली. तेवढ्यात एका चिमुरड्याने पेटीची कडी काढली आणि सगळे मासे जमिनीवर.

अध्यक्ष महोदयांनी पर्स उचलली. खोटं असेल तर सांगा बाई. बघा, मान हलवताहेत.

आणि तेव्हा शिवणकामवाली बोलली. ती फार बोलत नाही, तोंडात टाचण्या धरायची सवय. म्हणाली, “पोरी, ते विकासाचं राहू दे. ही नात माझ्याकडे असते दुपारभर. हातात फोन दिला की गप्प, काढला की रडते. मी हिचं काय करायचं असतं, एवढं तू सांगू शकशील?”

सूनबाईने तिच्याकडे बघितलं. मग हातातला भाषणाचा कागद घडी करून मण्यांच्या पाटीखाली सारला आणि सरळ जमिनीवर बसली. मांडी घालून, पदर खोचून, बालवाडीत बसायची तशी. मी किती दिवसांनी तिला तशी बसलेली बघत होते! जोड्यांचे पत्ते तिने पालथे मांडले. म्हणाली, या, आजी-आजोबा एका बाजूला, नातवंडं एका बाजूला. दोन पत्ते उलटायचे, सारखं चित्र आलं तर जोडी तुमची. नाही आलं तर जागा लक्षात ठेवायची.

अहो, काय सांगू! पहिल्या डावात पोरांनी आम्हाला धुऊन काढलं. हत्ती कुठे आहे ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं आणि आम्हाला चष्मा कुठे आहे तेही आठवेना. कंडक्टरसाहेब म्हणाले डाव रद्द, मला बदक दिसलंच नाही. शिवणकामवालीची नात, जी कुणाशी बोलत नव्हती, ती उभी राहून त्यांना म्हणाली, आजोबा, दिसलं होतं, तुम्ही लबाड आहात. शिवणकामवालीने तोंडावर हात ठेवला. पोरीचा एवढा मोठा आवाज तिनेही ऐकला नव्हता. दुसऱ्या डावाला लोक गुडघे विसरून खाली बसले. जे जिना चढताना देवाला बोलावत होते ते रांगत होते. कुणी सुनेला मधेच विचारायचं, हे ठोकळे कितव्या वर्षापासून, हे मासे एकट्याने खेळतात का. ती खेळता खेळता उत्तरं देत होती, आरशाशिवाय. तिसऱ्या डावाला आम्हाला एक गडी कमी पडला, तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, “मी येऊ का?”

अध्यक्ष महोदया, तुमची इस्त्री त्या दिवशी आमच्या फरशीवर मोडली. हरलातही. तीन वर्षांच्या मुलाकडून.

चहा गार झाला, कुणी विचारलं नाही. निघताना प्रत्येकाने ऑर्डर दिली. कंडक्टरसाहेबांनी तर सगळ्यांना दारात उभं करून “पुढे सरका, पुढे सरका” करत रांग लावली. मग अध्यक्ष महोदयांनी सुनेला विचारलं, आजी-आजोबांना बोलवायची कल्पना तुम्हाला सुचली कशी? सूनबाईने माझ्याकडे एक नजर टाकली, ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि म्हणाली, “आमच्याकडे तशीच पद्धत आहे.”

तेव्हापासून हिच्या बैठका दुपारी चारला भरतात आणि नातवंडांसकट भरतात. आज या सभागृहात बसलेल्या किती भगिनी तसंच करतात, हे साहेबांनी मघाशी सांगितलंच. कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं आहे. मला ते उच्चारता येत नाही, म्हणून मी त्याला ‘दार उघडणाऱ्यांची बैठक’ म्हणते.

नातीने लिहिलेलं इथे संपतं. पुढचं मी तिलाही सांगितलं नव्हतं, कारण पोरगी शेवटी आईची आहे.

सूनबाई, मान वर कर. तू नाही म्हणणार आहेस, आणि कारण मी आहे. मी कुणाचं कारण व्हायला तयार नाही. तुझ्या नवऱ्याने त्या शहरात काम बघून ठेवलं आहे, तुला सांगायची त्याची छाती होत नाही. बघ, कसा बूट न्याहाळतो आहे. तुझ्या लेकीने तिथल्या शाळेचं मैदान मला तीनदा वर्णन करून सांगितलं, तुला एकदाही नाही. घरात सगळे तुझ्यासाठी गप्प, आणि तू माझ्यासाठी. एवढ्या शांततेत मला झोप येत नाही.

तुम्ही चला म्हणशील. मी येणार नाही. माझा बाक इथे आहे. शिवणकामवाली तिच्या मशीनसकट तुमच्या खोलीत राहायला येते आहे. ठरलं आहे, तिने खिडकीचं मापही घेतलं. आणि ती निळी पेटी इथेच ठेवून जा. तुला कंपनी नवी देईल, देणार ना साहेब? या गल्लीतल्या बैठका आता मी घेणार. ऑर्डरी शिवणकामवाली लिहील, रांग कंडक्टरसाहेब लावतील, आणि पत्ते मी मांडीन. हत्ती कुठे आहे ते आता मलाही लक्षात राहतं. तू तिकडे शिकवशील त्या मुलींना एवढंच सांग, की हातात कागद घेऊन उभ्या राहू नका, खाली बसा. आणि मला रात्री फोन करू नकोस, मी झोपलेली असते. दुपारी कर. दुपारी मी असते.

डोळे पुसू नकोस, फोटो खराब येतात.

असो. म्हातारीला एवढा वेळ माइक दिला त्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे, साहेबांचे आणि आयोजकांचे आभार. जिना चढून आलेल्या माझ्या बाकाचे आभार. खुर्च्यांखालच्या मंडळींनी मधे मधे जी दाद दिली तिचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाची इस्त्री जास्त मोडली असेल, तर पोटात घाला.

आणि तो फलक. त्यावर ‘सत्कार’ लिहिलं आहे म्हणता. मला वाचता येत नाही, मी आपली याला निरोप समारंभ समजून आले आणि तसंच बोलून बसले. माझी चूक झाली असेल. पण ती आता कुणी दुरुस्त करू नये. मागची तरी कुठे केली होती?