मनगटातलं काळपट रक्त

एक होता माथाडी, त्याची एक बायको होती. माथाडी म्हणजे आमचे हे, बायको मी, राहायला बोनकोड्यात. यांना दमा वाढला म्हणून दवाखान्यात ठेवलेलं. रक्तात ऑक्सिजन किती ते बघायला रोज मनगटातून रक्त काढायचे. त्याला एबीजी म्हणतात. मी बघत बसायची. हे करवादायचे, "सारखी काय टक लावतेस?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. "आजी, ऑक्सिजन फार कमी आलाय. व्हेंटिलेटर लावावा लागेल. इथं सही करा."

"अंगठा देते, पण आधी ऐका. काल रक्त लालभडक होतं, आपोआप सिरिंजमध्ये चढलं. आज काळपट आलं, नव्या सिस्टरनी ओढून ओढून काढलं. आणि हे तर मगापासून चहा मागतायत."

बाई थबकल्या. यांच्या बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा बघितला, तोही चांगलं दाखवत होता. म्हणाल्या, "धमनीऐवजी शिरेतलं आलं वाटतं. शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन कमीच असतो." त्यांनी स्वतः परत काढलं. रक्त ठोक्या-ठोक्यानं वर चढलं, लालभडक. रिपोर्ट ठीक आला.

पाचव्या दिवशी हे स्वतःच्या पायांनी घरी आले. आता मी कितीही टक लावली तरी मुकाट्यानं चहा पितात.