संत्र्यावरचा सराव

इंजेक्शनच्या रांगेत माझ्यापुढे एक प्रौढ बाई होत्या. त्यांना पाहताच तरुण नर्स उठून उभी राहिली.

"मॅडम! साथीच्या वर्षी तुम्ही आम्हाला ऑनलाइन शिकवायचात."

"अगं बाई! म्हणजे इंजेक्शन द्यायलासुद्धा तू ऑनलाइनच शिकलीस?"

"हो तर! तुम्ही पडद्यावर उशीला टोचायचात, मी घरी संत्र्याला."

"सगळ्यांचे कॅमेरे बंद. मला वाटायचं, भिंतीशीच बोलतेय."

"मी वही घेऊन बसलेली असायचे, मॅडम. दंड जरा सैल सोडा."

"खरं सांगू? रोज घोर लागायचा. म्हटलं, या पोरींच्या हाती पेशंटचं काही खरं नाही!"

"आणि आता?"

"आता माझाच दंड तुझ्या हाती आहे. थांब, आधी डोळे मिटू दे."

"मिटा की. पण टोचून झालंय, मॅडम. कापूस दाबून धरा."