समुद्राने परत दिलेला नारळ

हसणार नसाल तर सांगतो. मी बॅरिस्टर व्हायला लंडनला निघालो तेव्हा आईने ठाण्याच्या खाडीवर उभं राहून एकच अट घातली. "समुद्राच्या पाठीवरून जातोयस. नारळी पौर्णिमेला असशील तिथून त्याला नारळ दे."

आता लंडनात नारळ कुठला? पहिलं वर्ष तसंच गेलं. दुसऱ्या वर्षी नेमक्या पौर्णिमेला माझ्या घरमालकीणबाई मला आगगाडीने ब्रायटनला घेऊन गेल्या. तिथे किनाऱ्यावर जत्रा! खांबांवर नारळ मांडलेले, चेंडूने पाडाल तो तुमचा. खांदा भरून येईपर्यंत मारले, तेव्हा एक पडला. तो घेऊन तडक पाण्याशी गेलो, हात जोडले आणि दिला सोडून.

बाई ओरडल्या, "अहो, जिंकलेला नारळ टाकता काय?"

तोवर लाटेने तो माझ्या बुटांपाशी आणून ठेवला. पुन्हा टाकला, पुन्हा परत.

"त्याला नकोय," बाई म्हणाल्या. "चला, आपण खाऊ."

खाल्ला. तसा गोड नारळ पुढे ठाण्यातही मिळाला नाही. पण समुद्राने नारळ नाकारला, हे आईला कळवायची छाती झाली नाही. दोन वर्षांनी घरी आल्यावर घाबरत घाबरत सांगितलं.

आई बघतच राहिली. "अरे मेल्या, हे तेव्हाच का नाही लिहिलंस? नारळ परत देतो तो मुलगाही परत देणार. दोन वर्षं सुखाने झोपले असते ना मी!"