मामांचा मान

नाही, पण मला एक सांगा, गाडी माझी, पेट्रोल माझं, चालवणारा मी... आणि कोण कुठे बसणार हे ठरवणार बायकोचे मामा? तुम्हाला सांगतो, हा माणूस पूर्वी शाळेत कवायत शिकवायचा, अजूनही जिना चढतो तो डावा-उजवा करत! गाडीचं लॉक उघडल्याचा नुसता आवाज झाला की मामा पुढच्या दाराशी हजर. का? तर पुढच्या सीटचा मान! अहो, जावई मी, आणि मान मामांचा!

बरं, बसा ना पुढे. पण बसायचं कसं? सीट ओढून पार डॅशबोर्डला गुडघे टेकवून. "जावईबापू, रस्ता नीट दिसला पाहिजे." अहो, रस्ता मला दिसला पाहिजे ना? पट्टा आधीच अडकवायचा आणि त्याच्यावर बसायचं... म्हणजे गाडी टिंगटिंग करत नाही! हेही एकवेळ चालेल हो, पण मांडीवर कोण? माझी तीन वर्षांची छकुली! इथे माझा जीव टांगणीला. हात जोडून म्हणालो, "मामा, तिला मागे तिच्या खुर्चीत बसू द्या, समोर एअरबॅग आहे, गाडी आपटली तर फाडकन फुगा बाहेर येतो." झालं! छकुली टाळ्या पिटायला लागली, "बाबा, फुगा! फुगा दाखव!" आणि मामा? "फुगाच ना? मऊच लागेल पोरीला." अहो मऊ कसला, गुद्दा असतो तो, गुद्दा! पण सांगणार कोणाला? बायको मागून कुजबुजतेय, "अहो, राहू द्या ना... मामांचा मान आहे."

त्या दिवशी मात्र माझं डोकंच फिरलं. मधेच गाडी थांबवली, पोरीला उचललं आणि मागे तिच्या खुर्चीत नेऊन बांधलं. तिनं भोकाड पसरलंय, बायको डोळे वटारतेय, मामा फुगून बसलेत... गाडीतला पहिला फुगा तो! म्हटलं, "मामा, निदान पट्टा तरी लावा." तर म्हणे, "आयुष्यभर ताठ मानेनं जगलोय, मला कोणी बांधून ठेवायचं नाही!" आणि पुढच्याच वळणावर माझ्या कानात ओरडले, "उजवीकडेऽऽ वळ!" अशी कवायतीची आरोळी, की मी दचकून घेतली उजवीकडे... आणि समोर खांब. धाड्!

धूर काय, फुग्यातली पांढरी पूड काय, कानात नुसतं सुंऽऽ... मी आधी मागे वळलो. छकुली आपल्या खुर्चीत, जागच्या जागी! रडणं बंद, डोळे एवढे मोठे. "बाबा, फुगा! पुन्हा!" खरं सांगतो, मला रडूच फुटलं. मांडीवर असती तर... नको, तो विचारच नको. आणि मामा? मामांचा मान शाबूत, मामांची मान गेली! डॉक्टरांनी गळ्याभोवती हा एवढा जाड पट्टा बांधला. आता काय, चोवीस तास ताठ मान!

मला वाटलं, चला, आता तरी शहाणे होतील. कसलं काय! गाडी दुरुस्त होऊन आली, नवा फुगा बसला, मी लॉक उघडलं... मामा पुढच्या दाराशी! बसले, सीट पुढे ओढली, मांडी थोपटली, "ये गं छकुले!" मी कळवळून म्हटलं, "अहो मामा, आधी पट्टा तरी लावा!" तर गळ्याकडे बोट दाखवून म्हणतात कसे, "हा काय... लावलाय की!"

आता बोला! छकुलीला कडेवर घेतलं आणि निघालो चालत. मामा अजून गाडीतच आहेत. पुढे. मानानं.