रोज एक प्रश्न

समुपदेशक बाईंच्या दाराबाहेर आई, वडील आणि त्यांची तरुण मुलगी बसली होती. शेजारच्या बाकावर मी माझ्या नंबरची वाट बघत होतो. माझं रोज दुपारपर्यंत मौनव्रत असतं, त्यामुळे कान तेवढे कामाला होते.

“बाबा, बाईंनी दिलेला अभ्यास केलात?”

“केला की. तुझ्या मैत्रिणीबद्दल रोज एक प्रश्न विचारायचा होता.”

“मैत्रीण नाही, जोडीदार. सोमवारी तुम्ही तिचं वजन विचारलंत. मंगळवारी विचारलंत, तिला एखादं स्थळ आलंय का.”

“प्रश्नच होते ना?”

“अहो, शाळेतही तुम्ही असेच काठावर पास होत असणार.”

“तू बोलू नकोस. शेजारणीला सांगतेस, पोरीला पित्त झालंय म्हणून इथे आणतो.”

“मग काय सांगू? मुलगी ठणठणीत आहे, बाईंनी उपचाराला आम्हा दोघांनाच बसवलंय, असं सांगू?”

“आई, बाबा, ऐका. एक तारखेला मी तिच्या घरी राहायला जातेय. पुढे आपल्या घरी माझं येणं-जाणं ठेवायचं की नाही, ते तुमच्यावर आहे.”

वडील मुलीकडे वळले.

“तिथे तुझ्या उशाशी दिवा आहे का गं? तुला अंधारात झोप येत नाही.”

“आहे. तिनेच आणून लावला.”

“न सांगता?”

“न सांगता.”

“बघा, आठवड्यात एक प्रश्न धड विचारलात, तोही परीक्षेच्या दारात.”

“तू थांब जरा. पोरी, रविवारी तिला जेवायला घेऊन ये. वजन नाही विचारणार.”