केळ्याच्या किमचीचा डबा

कोरियातल्या देगू शहरात पोटाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. समोर दोघी शेजारणी, एक साठीची, एक पोट धरून बसलेली तरुण.

"अगं मिरेच्या आई, तुझं पोट अचानक कसं गं बिघडलं?"

"काय माहीत, ताई. तुम्ही सोबत आलात, हेच खूप."

"शेजारधर्म आहे बाई. बरं, केळ्याची किमची कशी झाली होती? कोबीऐवजी केळीच तिखटमिठात आंबवली होती मी."

"तशी चव जन्मात चाखली नव्हती."

"बघ! सून म्हणते, आधी कोबीची नीट करायला शिका. आणि कॉफीतली?"

"त्या रात्री घरात कुणी झोपलंच नाही."

"तरीच डब्यातून कधी भोपळ्याची लापशी येते, कधी तिळाच्या वड्या."

"रिकामा डबा कसा परत करणार, ताई?"

"तेच ना! भरलेला आला की मलाही भरूनच पाठवावा लागतो. तुझ्यामुळेच तर माझे प्रयोग चालू आहेत."

"माझ्यामुळे?"

"मग काय! बाकीच्या मेल्यांनी माझे डबेच गिळले, परत म्हणून केले नाहीत. त्यांना पाठवणंच बंद केलं मी."

"बंद केलंत? ताई, सांगायचं राहिलं, तो तुमचा निळ्या झाकणाचा डबा शेगडीवर वितळला हो."

"अगं बाई! कधी?"

"आज संध्याकाळी."

"अजून तर दुपारचे बारा वाजलेत."

"म्हणजे काल. काल संध्याकाळी."

"जाऊ दे, जिवाला लावून घेऊ नकोस. उद्यापासून मातीची बरणीच पाठवते. ती मेली वितळायची नाही, आणि मावतंही दुप्पट."