फौजीचे पाय बीबीले

…अन् वरून म्हणते काय, "या वयात बाहुल्या खेळता, लोक हसतीन ना!" बाहुल्या! तुम्हाले सांगतो, बायकोनं बाहुली म्हटलं ना, का माह्या अंगाची नुसती लाही होते! बाहुली नाही हो ते, फौजी हाये, फौजी! बोटभर प्लॅस्टिकचा, पण गुडघा वाकते, कोपर वाकते, कंबर गरकन फिरते… माही फिरत नाही एवढी त्याची फिरते! एक्याण्णव सालात ज्याच्या घरी असा एक फौजी, त्याच्या अंगणात अर्ध्या सुलतानपूरचे पोट्टे! आता तेच पोट्टे बापे झाले, कोणी पुण्याले, कोणी नागपूरले, अन् माळ्यावरचे जुने फौजी काढून मले पार्सल धाडून राह्यले, "अश्वजितभौ, याचा हात निखळला, अश्वजितभौ, याची कंबर तुटली, पाहा ना बाप्पा काही!" मंग पाहाव नाही का म्या? आता याच्यात माहं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

अन् कंबर तुटणारच हो! कंबरेच्या आतून एक रबर असते, ते वरचं धड अन् खालचे पाय धरून ठेवते. तीस वर्षांत ते रबर कुजून पार चिकट होते, अन् हात लावला का फौजीचे दोन तुकडे! मंग काय करायचं, घड्याळवाल्याचा बारीक पेचकस घ्यायचा, पाठीतला स्क्रू खोलायचा, सायकलच्या व्हॉलट्यूबच्या बारीक रबरी नळीचा तुकडा कापायचा, गाठ मारायची, पायाच्या हुकात अडकवायचा… उभा! भंगारातून म्हणा, लोकाइच्या घरून म्हणा, एक्केचाळीस फौजी जमवले म्या, साऱ्याइले उभं केलं. फक्त एक उभा राहत नव्हता. तो माहा. माहा स्वतःचा, लहानपणचा! काऊन? त्याले पायच नव्हते. पाय बीबी गावाले होते, माह्या बहिणीच्या सासरी.

ऐका ना, सांगतो. आमचा बाप गुलाबराव, एस.टी.त ड्रायव्हर. औरंगाबादची गाडी नेत असे, एक दिवस तिकडून फौजी घेऊन आला. एकच! अन् लेकरं दोन! मी अकराचा, मंजू नऊची. म्या डोकं धरलं, तिनं पाय धरले, अन् ओढता ओढता… फट्! रबर तुटलं. माय तानाबाई चुलीपुढून उठली. तानाबाईचा न्याय काय विचारता! "धड तुले, पाय तिले! आता कोणी रडलं तर लाटणं हाये!" झाली वाटणी. म्या म्हटलं, बरोबर हाये, पोरगा ना मी, वरचा हिस्सा माहाच! अकरा वर्षांचं पोरगं होतो हो… याच्यात माहं काय चुकलं?

तर मागच्या रविवारी गेलो बीबीले. सहा वर्षांनी. रिकाम्या हातानं नाही गेलो, पायाच्या बदल्यात द्याले चांगले तीन अख्खे फौजी घेऊन गेलो! मंजू दारातच शिलाई मशीनवर बसेल होती. मले पाहून उठलीच, "काऊन रे दादा, बरं हाये ना सारं?" माणूस सहा वर्षांनी आला का लोकाइले आधी वाईटच सुचते. म्या म्हटलं, "हाव, बरं हाये. मंजू, ते पाय हायेत का गं तुह्याकडे?" कोणते पाय, असं तिनं विचारलंसुद्धा नाही! मशीनचा खण ओढला, बटणाच्या डबीतून काढले… अन् पाह्यतो तर काय, फौजीले पॅन्ट! खाकी! शिवलेली! टाका एवढा बारीक का चष्मा लावून पाहावा लागे. अन् मी शहाणा, तुम्हाले सांगतो, या तोंडाले कुलूपच पाहिजे होतं… म्या म्हटलं, "अवं, हे काय करून ठेवलं! खालचा रंग घासला असन ना! ओरिजनल पाहिजे असते, ओरिजनल! काढ पहिले ते पॅन्ट!" जमवणारे लोक असंच बोलतेत हो एकमेकाशी! याच्यात माहं काय…

मंजू म्हणे, "बाबाच्या शेवटच्या ड्रेसचं हाये, दादा. घर साफ केलं तवा तू कपड्याचं पोतं बाहेर ठेवलं होतं ना, त्याच्यातून एक तुकडा आणला होता. दुसरं काही आणलं नाही म्या."

सहज बोलली हो. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. दुसरं काही नेऊ कुठी देल्लं होतं म्या तिले? बाप गेल्यावर मीच लोणारले रजिस्ट्रीच्या ऑफिसात नेलं होतं तिले, हक्कसोडपत्रावर सही घ्याले. घरावरचा हिस्सा सोडला, लिहून दे. सारेच भाऊ घेतेत, म्याही घेतली. तासभर बाकड्यावर बसली, सही केली, चहालेसुद्धा थांबली नाही, बीबीच्या गाडीत बसून गेली. अन् त्याच्यानंतर मी तिच्या दारात गेलो तो हा असा… उरलेले पाय मागाले! आता याच्यात माहं काय… जाऊ द्या. हे नका सांगू तुम्ही.

खालीच बसलो मंग. खिशातून धड काढलं, पेचकस काढला. व्हॉलट्यूब घरीच राह्यली होती, तर मंजूनं लेकराइच्या चड्डीत घालाचं इलॅस्टिक देल्लं. अडकवलं, स्क्रू पिळला… उभा राह्यला! चौतीस वर्षांनी! रंग उडालेली छाती, खाली खाकी पॅन्ट, अन् दोन्ही हात असे पुढं, स्टेअरिंग धरल्यावाणी. हसू नका, आमचा बापच दिसला मले त्याच्यात. मंजूनं डोळे पुसले, एक वर्तमानपत्र घेतलं अन् फौजीले गुंडाळू लागली, "ने दादा. तुह्याकडं कपाट हाये, नीट राहीन."

पाहा! याही वेळी देऊनच मोकळी! म्या म्हटलं, "राहू दे. इथंच राहू दे." तोंडातून निघूनच गेलं हो! एक्केचाळीस जमवले ते याच एकासाठी, अन् तोच मशीनवर ठेवून आलो.

घरी आलो तर बायको दारात उभी. "आणला का अख्खा?" म्हटलं, "नाही. माहा अर्धाही देऊन आलो." "अन् ते तीन?" "तेही." हसली ती. म्हणे, "बरं, तिनं लिहून घेतलं का काही तुमच्याकून?"

नाही ना हो… तिनं जेवू घातलं, स्टँडवर सोडाले आली, गाडी हालेपर्यंत उभी राह्यली. लिहून घ्याची हुशारी आमच्या घरात माह्या एकट्यालेच आली.